मैलाला सहा सेंट

गेल्या अंकात जुन्या वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुका-बिल्लेवाल्या अमेरिकी सिनेमांचा नुसता विषय निघाला, तर टेबलावर पत्रांची चळत लागली. त्यातली निम्मी पत्रं एकाच सिनेमाभोवती फिरणारी. म्हणून या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवतो. नव्या वाचकांना आधीच सांगतो, मी समीक्षक नाही. ३१ वर्षं एका कचेरीच्या लेखा शाखेत लोकांची प्रवासभत्त्याची (टी.ए.) बिलं तपासली आणि सुटीच्या दिवशी वेस्टर्न पाहिले. दोन्हीचा परिणाम उत्तरांत दिसेलच.

प्रश्न : काका, शाळेत असताना व्हिडिओवर एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. छातीवर बिल्ला लावलेला थोराड बाप, त्याची दोन पोरं, बँकेवर दरोडा. आणि गंमत म्हणजे दरोडा पडतो तेव्हा मोठा मुलगा तुरुंगात असतो! नाव काही केल्या आठवत नाही.

उत्तर : तुरुंगाच्या खुणेवरून लगेच सापडला. ‘केहिल, यू. एस. मार्शल’, साल १९७३. बाप, मार्शल केहिल, म्हणजे वेस्टर्नचा गाजलेला नट जॉन वेन. मोठा मुलगा डॅनी, धाकटा बिली जो. त्यांना नादी लावणारा फ्रेझर म्हणजे जॉर्ज केनेडी, ज्याला काही वर्षं आधी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं. सभ्य चेहऱ्याचा दांडगा माणूस. त्यामुळे तो हसला की जास्तच भीती वाटते.

तुमच्या लक्षात राहिलेली युक्ती खरंच नामी आहे. फ्रेझर, त्याचे साथीदार आणि डॅनी आधीच किरकोळ भानगडीत कोठडीत जाऊन बसतात. रात्री बिली जो आग लावतो. सगळं गाव बादल्या घेऊन तिकडे धावतं आणि इकडे ही मंडळी कोठडीतून निघून बँक लुटतात, परत येऊन जागच्या जागी आडवी होतात. आमच्या कचेरीत खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून तासन्‌तास गायब होणारे एक गृहस्थ होते. कोट दिसला की साहेबांच्या लेखी माणूस जागेवर. फ्रेझरची युक्ती त्याच जातीची, फक्त हिच्यात शेरीफचा जीव जातो. पोरांनी घेतलेल्या सोंगाची मौज तिथेच संपते.

पण माझ्या मते सिनेमाचा खरा जीव दरोड्यात नाही, त्याच्या नंतर आहे. केहिल कामगिरीवरून परततो तो पोरगा कोठडीत. त्याला सोडवतो आणि दरोडेखोरांच्या मागावर स्वतःबरोबर घेऊन निघतो. म्हणजे आपणच केलेल्या गुन्ह्याचा माग हा पोरगा बापाच्या शेजारी घोडा घालून काढतोय! बरोबर लाइटफूट नावाचा अर्धा कोमांची (अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात) वाटाड्या आहे (नेव्हिल ब्रँड, सिनेमातलं माझं सगळ्यात आवडतं काम). त्यांना चार माणसं सापडतात. ती निर्दोष आहेत हे डॅनीला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यांना फाशी होणार हेही. आता तोंड उघडावं तर फ्रेझर धाकट्याच्या जिवावर उठेल, गप्प बसावं तर चार जीव जातील. बापाला संशय येतो, पण तो पोरांना दरडावून विचारत नाही, त्यांच्याकडूनच येऊ दे म्हणून थांबतो. शेवटची गोळीबारी चार वेस्टर्नमध्ये असते तशीच आहे. मधलं हे थांबणं मात्र फार कमी सिनेमांत पाहिलंय.

आणखी एक, पडद्यामागेही बापलेकांची रांग आहे. निर्माता मायकेल वेन हा जॉन वेनचा थोरला मुलगा. दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन हा व्हिक्टर मॅक्लॅग्लनचा मुलगा. व्हिक्टर म्हणजे १९३५ च्या कामासाठी ऑस्कर मिळवलेला धिप्पाड नट, जो वेनबरोबरही कितीतरी वेळा पडद्यावर आला.

प्रश्न : त्यातले डोंगर टेक्ससचेच ना?

उत्तर : नाहीत. मेक्सिकोतल्या दुरांगोचे. वेनचे त्या काळातले बरेच वेस्टर्न तिथेच झाले.

प्रश्न : त्या वेळी जॉन वेनचं वय किती होतं? एवढ्या लहान मुलाचा बाप म्हणून जरा खटकतो.

उत्तर : जन्म २६ मे १९०७. सिनेमा लोकांपुढे आला तेव्हा ६६ पूर्ण झाली होती. १९६४ मध्ये कॅन्सरमुळे एक फुफ्फुस काढलेलं. त्यामुळे मुलगा बारा-तेराचा म्हणजे आजोबाच वाटतो, तुमचं म्हणणं बरोबर. पण प्रत्यक्षातही त्याचा धाकटा मुलगा ईथन १९६२ चा होता, म्हणजे पडद्यावरच्या बिली जोच्याच वयाचा. तेव्हा फार हसू नका.

प्रश्न : श्रेयनामावलीत जॅकी कूगन हे नाव दिसलं. चॅप्लिनबरोबरचा तो फाटक्या कपड्यांतला पोरगा, तोच का हा?

उत्तर : तोच. चॅप्लिनबरोबरचा तो सिनेमा १९२१ चा. हा पोरगा तेव्हा सहा-सात वर्षांचा आणि जगातला सगळ्यात लाडका चेहरा. पुढच्या काही वर्षांत त्याने लाखो डॉलर मिळवले. १९३५ मध्ये मोटार अपघातात वडील गेले. सज्ञान झाल्यावर जॅकीने हिशेब मागितला, तर आई आणि सावत्र बापाने हात वर केले. मुलाची कमाई कायद्याने आईबापांचीच, असं त्यांचं म्हणणं. १९३८ मध्ये त्याने दावा लावला. लाखोंच्या कमाईतून शेवटी त्याच्या हाती सव्वा लाखाच्या आसपास डॉलर पडले. त्या बोभाट्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला की बालकलाकाराच्या मिळकतीचा ठरावीक भाग वेगळ्या खात्यात ठेवायचाच. आजही त्याला कूगनचाच कायदा म्हणतात. लेखा शाखेतल्या माणसाला सिनेमाच्या इतिहासातला याहून प्रिय प्रसंग कुठला असणार!

प्रश्न : शेरीफ आणि मार्शल यांत फरक काय? मला तर सगळे बिल्लेवाले सारखेच दिसतात.

उत्तर : बिल्ला सारखा, धनी वेगळे. शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, लोकांनी मत देऊन निवडलेला. गावचा मार्शल म्हणजे गावाने नेमलेला पोलीसप्रमुख. आणि यू. एस. मार्शल हा थेट केंद्र सरकारचा. १७८९ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने हे पद निर्माण झालं. राष्ट्राध्यक्षाने नेमायचा, सिनेटने मान्यता द्यायची, आणि त्याने केंद्राच्या न्यायालयाचे हुकूम बजावायचे. केंद्राच्या न्यायालयाच्या एका हद्दीला एक मार्शल. तो बहुतेक कचेरीत. घोड्यावर हिंडायचे ते त्याचे डेप्युटी, म्हणजे हाताखालची माणसं.

एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्याही असत. २६ ऑक्टोबर १८८१ ला ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात अर्प बंधूंची ती प्रसिद्ध चकमक झाली, तेव्हा व्हर्जिल अर्प हा गावचा मार्शलही होता आणि यू. एस. डेप्युटीही. काउंटीचा शेरीफ जॉनी बीहन वेगळा, आणि त्याचं अर्प बंधूंशी अजिबात पटत नव्हतं. ‘पुढे जाऊ नका’ म्हणायला शेरीफ येतो आणि अर्प मंडळी त्याच्या अंगावरून पुढे जातात, त्यामागे ही हद्दीची कुरकुर होती.

जाता जाता एक खोडी. बँकेवरचा दरोडा हा केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा ठरला तो १९३४ मध्ये. त्याआधी तो राज्याचा, म्हणजे शेरीफचा मामला. टपाल लुटलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे नियमावर बोट ठेवायचं तर केहिलसाहेबांनी त्या दरोड्याच्या तपासाला हात घालण्याचंच कारण नव्हतं. पण शेरीफ मेलाय, दुसरं कोण जाणार?

प्रश्न : नवऱ्याबरोबर हा सिनेमा पाहिला. आई नसलेली दोन मुलं घरी टाकून हा माणूस महिनोन्‌महिने कुणाच्या ना कुणाच्या मागे. त्याला घरी राहायला काय होतं? कर्तव्य कर्तव्य म्हणून मिरवतात, पण हौसच ती! असं माझं मत. तुमचं?

उत्तर : ताई, हौस असेलही. पण आधी त्याचं बिल बघू.

केहिलसारखं घोड्यावर हिंडायचं काम प्रत्यक्षात डेप्युटींचं, आणि एकोणिसाव्या शतकात या डेप्युटींना पगार नव्हता. शून्य. कामाप्रमाणे फी आणि अंतराप्रमाणे पैसे. वॉरंट घेऊन निघालं की जाताना मैलाला ६ सेंट. पकडलं की अटकेचे २ डॉलर. कैदी घेऊन परतताना मैलाला १० सेंट. यातून साहेबाचा, म्हणजे मार्शलचा हिस्सा कापायचा, तो पाव किंवा त्याहून जास्त. समजा, गुन्हेगार १५० मैलांवर आहे. जायचे ९ डॉलर, अटकेचे २, यायचे १५. झाले २६. पाव कापला, राहिले साडेएकोणीस. यात खर्च कुणाचा? घोडा स्वतःचा, बंदूक स्वतःची, काडतुसं स्वतःची. रिकाम्या हाताने परतलात तर मैलांवरही पाणी. कैदी वाटेत गोळीला बळी पडला तर फी तर नाहीच, वर पुरण्याचा खर्च अंगावर येण्याची भीती. म्हणून तर हे लोक शक्यतो जिवंत पकडायला बघत. सिनेमात खलनायक पटापट मारतात ना, माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी २ डॉलर पडताना दिसतात!

आणि हे साडेएकोणीस लगेच मिळतील म्हणता? बिलं वॉशिंग्टनला जाणार, तिथे माझ्यासारखा कोणीतरी लाल शाई घेऊन बसलेला. अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी जायला एवढे मैल कसे झाले, जवळचा रस्ता का नाही धरला? पैसे हातात पडायला महिने जात. मी स्वतः एकदा एका फिरतीवरच्या माणसाचं बिल ११ किलोमीटरच्या फरकासाठी तीनदा परत पाठवलंय. नियमाने बरोबर होतं. तिसऱ्या वेळी तो स्वतः टेबलाशी आला. त्याच्या हातात मुलाच्या शाळेचं फीचं कार्ड होतं, ते त्याने मला दाखवलं नाही, नुसतं धरून उभा राहिला. असो.

सांगायचं ते असं, की या नोकरीत घरी बसलेल्या दिवसाचं मोल काही नव्हतं. पैसा होता तो घरापासून दूर जाण्याचा, आणि जितकं दूर तितका जास्त. मुलांच्या तोंडात घास घालायचा तर मुलांपासून मैल मोजत लांब जायचं. सिनेमा हे हिशेबात मांडत नाही. तो म्हणतो, बापाला कर्तव्य प्यारं. मार्शलांना ठरलेला पगार सुरू झाला तो १८९६ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी या दरपत्रकावर वाढली होती.

बाकी तुमचा राग खरा आहे. केहिलने मुलांसाठी एखादी बाई घरी ठेवायला हवी होती, हे मलाही वाटलंच.

प्रश्न : सख्खे भाऊ आधी पोलीस आणि मग दरोडेखोर, असं खरंच झालंय का? मी नववीत आहे. आमची पैज लागली आहे.

उत्तर : झालंय. डाल्टन बंधू. फ्रँक डेप्युटी मार्शल होता, प्रामाणिक. नोव्हेंबर १८८७ मध्ये कामावर असताना मारला गेला. ग्रॅट, बॉब आणि एमेट हे धाकटे भाऊही बिल्ला लावून हिंडले, मग घोडे चोरायला लागले, मग आगगाड्या लुटायला. ५ ऑक्टोबर १८९२ ला कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात त्यांनी एकाच सकाळी दोन बँका लुटायचं ठरवलं. तेही स्वतःच्या ओळखीच्या गावात! लोकांनी खोट्या दाढ्यांआडूनही ओळखलं. काही मिनिटांत चार दरोडेखोर आणि चार गावकरी ठार. एकटा एमेट अंगभर गोळ्या खाऊन वाचला, तुरुंगात गेला, १९०७ मध्ये सुटला आणि पुढे कॅलिफोर्नियात जागाजमिनींचा धंदा करत सुखाने जगला. पैज जिंकली असशील तर काय मिळालं ते कळव.

प्रश्न : सर, सिनेमात बाप शेवटी मुलांना सांभाळून घेतो. खऱ्या आयुष्यात असं झालं असतं का? कायद्याचा माणूस आणि स्वतःचाच मुलगा गुन्हेगार, अशी एखादी खरी गोष्ट आहे का?

उत्तर : आहे, आणि तिच्यासाठीच आजचं सगळं पान राखून ठेवलं होतं.

बास रीव्हज. जन्म १८३८, आर्कान्सामध्ये, गुलाम म्हणून. यादवी युद्धाच्या काळात मालकाला सोडून तो पळाला तो इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. चेरोकी, क्रीक, सेमिनोल अशा मूळ रहिवासी जमातींना सरकारने आपापल्या भूमीतून हुसकून तिथे आणून वसवलं होतं. त्यांच्यात राहून तो त्यांच्या भाषा बोलायला शिकला. त्या जमातींची स्वतःची न्यायालयं होती, पण बाहेरून आलेल्यांवर त्यांचा हुकूम चालत नसे. साहजिकच देशभरचे फरारी तिथे जाऊन लपत. त्यांना आणायचं काम शेजारच्या आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या केंद्रीय न्यायालयाकडे. तिथे १८७५ मध्ये आयझॅक पार्कर न्यायाधीश म्हणून आला. २१ वर्षांत त्याने १६० जणांना फाशी सुनावली, त्यातले ७९ प्रत्यक्ष चढले. याच पार्करच्या काळात बास रीव्हज डेप्युटी झाला, मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या पहिल्या कृष्णवर्णीय डेप्युटींपैकी एक.

सहा फुटांवर उंची, मोठ्या मिश्या, आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. निघण्यापूर्वी तो वॉरंटं कोणाकडून तरी वाचून घेई. कुठल्या कागदावर कुणाचं नाव हे अक्षरांच्या आकारावरून ध्यानात ठेवी. बरोबर गाडी, स्वयंपाकी, एखादा मदतनीस. एका फेरीत अनेक वॉरंटं घेऊन निघायचं आणि येताना गाडीभर माणसं आणायची. मी बिलं तपासणारा माणूस आहे, मला ही पद्धत लगेच पटली : एक फेरी, मैल तेच, अटका जास्त. आयुष्यात ३,००० हून जास्त जणांना पकडल्याचं तो सांगे. घरी दहा-अकरा मुलं. ३२ वर्षं हे काम. तो मुलांच्या वाट्याला किती आला असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

त्याच्यावरही खटला झाला होता. बरोबरच्या स्वयंपाक्याला गोळी लागून तो मेला, आणि १८८७ मध्ये रीव्हज आरोपी म्हणून त्याच पार्करसमोर उभा राहिला. बंदूक चुकून उडाली, असं त्याचं म्हणणं. सुटला, पण वकिलांपायी साठवलेलं सगळं गेलं.

आता तुमचा प्रश्न. १९०२ मध्ये इंडियन टेरिटरीतल्या मस्कोगी गावात त्याच्या बेनी नावाच्या मुलाने संशयापायी स्वतःच्या बायकोचा खून केला आणि पळाला. वॉरंट निघालं. असं सांगतात, की तिथल्या मार्शल बेनेटला ते कुणाच्या हातात द्यावं हे कळेना. दोन दिवस कागद टेबलावर पडून. डेप्युटींपैकी कुणी पुढे होईना. मग बास स्वतः आत गेला आणि म्हणाला, द्या माझ्याकडे. गेला, मुलाला शोधलं, जिवंत घेऊन आला. त्याच्या आयुष्यातलं बहुधा हे एकच वॉरंट, जे दुसऱ्याकडून वाचून घ्यायची त्याला गरज नव्हती.

जानेवारी १९०३ मध्ये बेनीला जन्मठेप झाली आणि कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली.

तुम्ही विचारलंत, सिनेमासारखं झालं असतं का? केहिलच्या मुलांच्या हातून झालेलं पाप फ्रेझरच्या माथी मारता येतं, आणि लेखकाने ते हुशारीने मारलंय. पोरं फसली, गोळी दुसऱ्याने झाडली. बेनीच्या बाबतीत फ्रेझर कोणीच नव्हता. बासलाही थांबून, पोरगा आपण होऊन बोलेल अशी वाट पाहण्याची सोय नव्हती. पण एक गोष्ट त्याच्या हातात होती. दुसरा कुणी डेप्युटी गेला असता, बेनीने बंदूक उचलली असती, तर तो वाटेतच संपला असता. बापाने जाऊन त्याला चालत्या-बोलत्या अवस्थेत न्यायालयात उभं केलं. लोक याला कठोरपणा म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

१९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि डेप्युटींचं ते काम संपलं. बास तेव्हा सत्तरीला टेकला होता. तरीही मस्कोगीच्या शहर पोलिसांत रुजू झाला आणि दोन वर्षं गस्त घातली. नेमून दिलेला भाग, रोजचा तोच, आणि संध्याकाळी घरी. १२ जानेवारी १९१० ला तो गेला. बेनी तेव्हा लेव्हनवर्थमध्येच होता.